दोष कानांचा की खोलीचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत जबलपूरला घरी गेलो, तेव्हा आजोबांनी नाट्यगीते ऐकणे सोडून दिले होते. तोफखान्यात उभी नोकरी केलेला माणूस. "कान गेले रे माझे. डग्गा नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत," ते म्हणाले. घरात सर्वांनी ते मान्यही केले होते. मी मात्र बाबांकडे नवे स्पीकर मागितले.

बाबा म्हणाले, "रेंजवर उस्ताद काय सांगतात? आधी ग्रुप बघ, मग साइट हलव. आधी बिघाड शोध."

शेजारी सिग्नल्समधले एक काका राहतात. त्यांनी मोजमापाचा मायक्रोफोन दिला आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर घालून दिला. आजोबांच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर माइक लावला. स्पीकरमधून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडला. पडद्यावर आलेख उमटला. ९४ हर्ट्झपाशी सुळका, १२० च्या जवळ खड्डा!

काकांनी वहीत गणित मांडले. खोली १२ फूट लांब, म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की ४७ येतात आणि त्याची दुप्पट ९४. हे सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतात आणि भिंतीलगत सर्वांत जोरात ऐकू येतात. आजोबांची खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली होती. फुगलेला जाड आवाज शब्दांना झाकून टाकत होता.

मी उत्साहाने इक्वलायझरवर १२० चा खड्डा भरायला गेलो. आवाज वाढवला, तर स्पीकर खरखरू लागला. खड्डा तसाच! काका हसले. "तिथे सरळ येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट एकमेकींना खातात. एक वाढवलीस की दुसरीही वाढते. सुळका कापता येतो, असा खड्डा भरता येत नाही. जागा बदल."

स्पीकर भिंतीपासून सव्वादोन फुटांवर होते, ते भिंतीलगत सरकवले. आजोबांची खुर्ची तीन फूट पुढे घेतली. पुन्हा मोजले. खड्डा जवळजवळ गेला, सुळका बसला. उरलेला फुगवटा इक्वलायझरने ६ डेसिबल कमी केला.

संध्याकाळी नाट्यगीत लावले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब, ती ओळ पुन्हा लाव."

तोफांनी त्यांचे कान थोडे अधू केले आहेतच. बारीक आवाज अजूनही निसटतात. ते कोणताही इक्वलायझर परत आणणार नाही. पण ज्यासाठी ते स्वतःला बोल लावत होते, त्यातला बराचसा दोष खोलीचा होता. तो मोजायला आम्हाला एक दुपार लागली. मोजावे असे मात्र तोवर कोणालाच सुचले नव्हते.