वाघ्या ऑस्कर

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड मासा. दुकानात तो बोटाएवढा असताना विकला जातो आणि नीट सांभाळला तर फूटभर वाढून दहा-बारा वर्षे जगतो. धाराशिव शहरातल्या एका घरात वाढलेला वाघ्या या जातीतला ‘टायगर’ होता. काळ्या अंगावर केशरी नागमोडी रेघा, शेपटीच्या मुळाशी केशरी कडेचा काळा ठिपका. हा ठिपका डोळ्यासारखा दिसतो. पर कुरतडायला येणाऱ्या पिरान्हांना डोके कुठे आणि शेपूट कुठे हे कळू नये, हा त्याचा उपयोग मानला जातो. ऑस्कर माणसे ओळखतो. खायला घालणारा माणूस खोलीत आला की वाघ्या काचेशी येऊन अंग घुसळायचा. इतरांसाठी तो जागचा हलत नसे.

धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेला, त्यामुळे बोअरचे पाणी बहुधा जड. मलावी सरोवरातल्या आफ्रिकन सिक्लिडांना असेच पाणी लागते. ऑस्करचे मूळ पाणी मऊ असले तरी तो जड पाण्याशीही जुळवून घेतो. मात्र अल्कधर्मी पाण्यात माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. भरपूर खाणाऱ्या या माशाचे पाणी आठवड्याला थोडेथोडे बदलावेच लागते. दुष्काळाच्या उन्हाळ्यात घरच्यांना ते जड गेले. टँकमधून काढलेले पाणी कुंड्यांना घालून त्यांनी हा नेम चालू ठेवला.

वाघ्याचे पहिले सोबती गप्पी. ते काही दिवसांत दिसेनासे झाले. इथे पुष्कळांची समजूत चुकते: ही आक्रमकता नव्हे, भूक आहे. तोंडात मावेल तो ऑस्करच्या लेखी घास. सोबती निवडताना स्वभावाच्या आधी आकार पाहावा लागतो तो यासाठी.

पुढे वाघ्या चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये गेला. त्यात सुमारे 250 लिटर पाणी मावते. टँक बदलल्यावर तो तळाशी आडवा पडून राहिला. ऑस्कर असा रुसतो. आजार समजून औषध ओतण्याची घाई करू नये. तो सावरल्यावर मध्य अमेरिकेतल्या कन्व्हिक्ट सिक्लिडांची जोडी सोबत सोडली गेली. फिकट अंगावर काळे उभे पट्टे, लांबी जेमतेम बोटभर, वाघ्याच्या निम्म्याहूनही कमी. सुरुवातीला तिघेही आपापल्या वाटेने फिरत.

मग मादीच्या पोटावरचा केशरी रंग गडद झाला आणि जोडीने टँकमधल्या फुटक्या कुंडीखालची वाळू तोंडाने उपसायला घेतली. अंडी घातली गेल्यावर टँकचा नकाशाच पालटला. वाघ्या कुंडीच्या हातभर जवळ आला की नर कल्ले फुगवून समोरून धडकायचा आणि मादी बाजूने पर ओढायची. तीनेक दिवसांत अंडी फुटली, पिल्ले पोहू लागली, तसा पहारा पिल्लांबरोबर सरकत गेला. एवढा थोरला ऑस्कर वरच्या कोपऱ्यात फिल्टरमागे उभा राहू लागला. त्याचे खवले निघाले, रंग काळवंडला, खाणे सुटले. यात कन्व्हिक्ट दुष्ट ठरत नाहीत. वाघ्या पिल्ले गिळणारा आहे हे त्यांचे आईबाप बरोबर ओळखतात. नदीत हरलेला मासा चार हात दूर जातो आणि भांडण मिटते. टँकमध्ये त्याला जायला जागाच नसते, आणि जीव जातो तो मुख्यतः त्यामुळे.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी 1963 साली आक्रमकतेवर लिहिलेल्या पुस्तकात भारतातल्याच एका सिक्लिडाची, पिवळ्या एट्रोप्लसची, नोंद आहे. काचेपलीकडची शेजारची जोडी दिसत असली की नराचा राग तिच्यावर निघे. काचेवर शेवाळ धरून शेजारी दिसेनासे झाले की तोच नर आपल्या मादीवर उलटे. काच पुसली की घर पुन्हा शांत. म्हणजे एकटी जोडी ठेवली की प्रश्न सुटतो, असेही नाही.

वाघ्याच्या टँकमध्ये आधी मधोमध जाळी बसवली गेली. नंतर जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवली. त्याला नवे सोबती मिळाले ते ब्लड पॅरट. या संकरित माशाचे तोंड पूर्ण मिटत नाही, त्यामुळे चावा हलका असतो. शिवाय अंगाने तो गोल आणि गिळता न येण्याजोगा. त्यांना सोडण्याआधी दगड-कुंड्यांची सगळी मांडणी बदलली गेली, म्हणजे वाघ्यालाही ती जागा नवी झाली आणि मालकी सांगायला काही उरले नाही. हा उपाय साधा आहे आणि बरेचदा उपयोगी पडतो. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरल्या सिक्लिडांसाठी मात्र उलटी रीत वापरतात: पुष्कळ मासे दाटीने ठेवायचे, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही. दाटीमुळे तिथे फिल्टर दुप्पट जोमाचा लागतो. ऑस्करला ही रीत लावू नये.

कन्व्हिक्टची पिल्ले वाढत राहिली आणि ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. अशी पिल्ले विहिरीत किंवा शेततळ्यात सोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. चिलापी म्हणून ओळखला जाणारा तिलापियाही आफ्रिकेतला सिक्लिडच. 1952 साली तो भारतात आणला गेला आणि धरणा-तलावांत पसरून स्थानिक माशांच्या खाण्यावर आणि जागेवर हक्क सांगू लागला. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून त्याची पिल्ले फारशी वाया जात नाहीत. कन्व्हिक्टही तितकेच जपणारे पालक. घरच्यांनी ती पिल्ले दुकानदाराला परत दिली आणि पुढच्या वेळी अंडी दिसताच कुंडी बाहेर काढून धुतली.