बॉर्डरलाइन केस

खोटं कशाला बोलू? विटांची ती बॉर्डर मला घालायची होती ती फक्त फोटोसाठी.

उरवड्याचं आमचं घर म्हणजे काही फार्महाऊस वगैरे नाही हं. दोन खोल्या, ओटा आणि फाटकापासून ओट्यापर्यंत तीस फुटांची मुरमाची वाट. कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग लवासाच्या रस्त्याला डावीकडे. आई गेल्यावर बाबांनी तिथेच मुक्काम ठोकला. एकटे. वय 71, एका डोळ्यात मोतीबिंदू. माझं आपलं रोज फोनवर सुरू, 'अंधारात बाहेर पडू नका, शिडीवर चढू नका, पावसात बागेत जाऊ नका.' ते 'बरं' म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

फ्रीलान्सर मंडळींना मे महिन्यात दोनच गोष्टी मुबलक मिळतात, ऊन आणि रिकामा वेळ. म्हटलं, चला, वाटेला बॉर्डर करूया. तीच हो, शाळेच्या आवारात, एसटी स्टँडवर असते ती. प्रत्येक वीट पंचेचाळीस अंशांत कललेली आणि वर करवतीसारखे दाते.

गणित सोपं होतं. तीन इंच जाडीची वीट तिरकी लावली की ओळीत साधारण सव्वाचार इंच जागा घेते. दोन्ही बाजू मिळून साठ फूट, म्हणजे 170 विटा. फुटतूट धरून 200 मागवल्या. विटा पारखायचा फंडाही शिकले. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. टण्ण वाजल्या तर पक्क्या, भद्द वाजल्या तर पोपट! दुसरी टेस्ट म्हणजे कमरेएवढ्या उंचीवरून वीट जमिनीवर सोडायची. चांगली भाजलेली असेल तर फुटत नाही.

दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चार-पाच इंच चर खणला. वीट अर्धी जमिनीत, अर्धी वर. दोन्हीकडून मुरूम भरून ठोकून ठोकून घट्ट केला. दोन वीकेंड, सात फोड आणि कंबरेचा पार बोऱ्या. पण बॉर्डर सॉलिड झाली! सलग, कुठे बोटभर फट नाही. फोटोला लाइक्सही झक्कास मिळाले.

मग जून आला. आणि मुळशीचा पाऊस म्हणजे पुण्यातली भुरभुर नव्हे, राजा! पहिल्या मोठ्या पावसानंतर गेले, तर वाटेचा कालवा झालेला. घोट्याएवढं पाणी, खाली चिखल. आणि ओट्यावर बाबा, कोपराला बँडेज बांधून.

"घसरलो जरासा."

"कधी? मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर अंगणात यायचंही बंद केलं असतंस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी खरंच तेच केलं असतं.

शेजारच्या शेतातले आबा तेवढ्यात डोकावले. बॉर्डरकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही तर बांधच घातलाय की! पण पाणी कुठनं जायचं?" भातखाचराला बांध घालतात तो पाणी धरायलाच. पण जास्तीचं पाणी बाहेर पडायला त्यातही वाट ठेवावी लागते. नाहीतर पाणी बांधच फोडतं. मुळशीत भात लावणाऱ्या कुणालाही जे ठाऊक असतं, ते मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत कुठे शिकवतात!

पाऊस उघडल्यावर पुन्हा कामाला लागलो. या वेळी बाबाही सोबत. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. उताराच्या बाजूला दर पाच फुटांवर एक वीट काढली आणि फटीच्या दोन्ही कडांच्या विटा सिमेंटने पक्क्या केल्या. वाटेत नवा मुरूम टाकून मधोमध उंचवटा दिला, दोन्हीकडे फुटाला पाव इंच उतार.

मला विटांचा लाल रंग तसाच ठेवायचा होता. कसला भारी दिसतो ना! पण बाबा म्हणाले, "संध्याकाळी मला लाल दिसतच नाही गं. काळपट सगळं. पांढरं असलं की कड कळते." आजवर मी त्यांना काय करू नका ते शंभर वेळा सांगितलं होतं. काय दिसत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं.

चुना लावला. पावसाने धुपतो, पुन्हा लावायचा. आता दिवेलागणीला बाबा फाटकापर्यंत फेऱ्या मारतात, एका पांढऱ्या दात्यावरून दुसऱ्यावर नजर ठेवत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही त्यांनी स्वतःच घेतलीय.

फोनवरची माझी यादीही मी बरीच आखूड केलीय. पाणी जायला जागा हवीच.

शिडी मात्र अजून बंद. तिथे फटबीट काही नाही!