सानगडीच्या स्लॅबवर

साकोलीला नागपूर-रायपूर महामार्ग सोडला की गाडी सानगडीच्या रस्त्याला लागते. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मध्येच एखादी बोडी. सानगडी म्हटले की लोकांना तिथला पडका किल्ला आठवतो. आम्ही मात्र गेलो होतो एक स्लॅब पाहायला. आमची भाची तेथे एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. दोन खोल्यांची साधी इमारत. "मामाजी, एकदा या, आमचं काम काय असतं ते पाहा," असे ती वर्षभर म्हणत होती.

हा मुलूखच मुळी बांधकाम करणाऱ्यांचा. येथील कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटलांच्या नावाने सांगतात. १९९९ साली जिल्हा विभागला आणि तो गोंदियात गेला. पाळ किती उंच, सांडवा कोणत्या अंगाला, तुडूम कोठे बसवायचा, हे त्यांनी कागदाशिवाय ठरवले. माती कोणी वाहिली, ती नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत. तलाव पाहताना आमच्या मनात नेहमी हेच येते.

सकाळी सात वाजता पोहोचलो तेव्हा भाची सेंट्रिंगखाली वाकून एकेक बल्ली हलवून पाहत होती. मग वर चढली. सळया मोजल्या, अंतर टेपने पाहिले. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवले होते, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. एका कोपऱ्यात ते नव्हते. तिने मिस्त्रीला थांबवून ते बसवून घेतले. सळईखाली २० मिलिमीटर तरी काँक्रीट हवे. नाहीतर ओल शिरते, सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडतात. आपल्या घरकुलांत पोपडे पडतात तेव्हा आपण सिमेंटला दोष देतो. पुष्कळदा दोष या सुपारीएवढ्या वस्तूचा असतो.

मिक्सर सुरू झाला आणि भांडण लागले ते पाण्यावरून. "माल गच्च होऊन राहिला मॅडम, थोडसंक पाणी टाकू द्या," असे मिस्त्री म्हणाला. घमेली डोक्यावरून जायची, पातळ माल लवकर पसरतो. त्याचेही चुकत नव्हते. पण या मिश्रणाला ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी चालत नाही. जास्त झालेले पाणी नंतर उडून जाते आणि काँक्रीटमध्ये पोकळी राहते. ठेकेदाराचा माणूसही मिस्त्रीच्या बाजूने बोलू लागला. ती आवाज न चढवता म्हणाली, "पाणी नाही वाढणार. व्हायब्रेटर नीट फिरवा." पंचवीस वर्षांची मुलगी, समोर बापाच्या वयाची माणसे. पाणी वाढले नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, आमचे लक्ष तिच्या वहीकडे. सळयांची मापे ती काँक्रीट पडण्यापूर्वीच लिहून घेते, कारण नंतर ती कोणाला दिसत नाहीत. स्लॅब ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, १२५ मिलिमीटर जाड. म्हणजे पावणेसात घनमीटर. घनमीटरला सुमारे आठ पोती धरली तर ५४ पोती लागतात. संध्याकाळी रिकामी पोती मोजायची. चाळीसच निघाली तर स्लॅबने खोटे सांगितले असे समजावे! हिशेब जमला. आमच्या कचेरीतल्या वह्या इतक्या सरळ असत्या तर आमची निम्मी दुखणी गेली असती.

पण तिच्या पिशवीत आणखी एक वही होती, ती ठेकेदाराला फारशी आवडत नाही. त्यात मजुरांची, रेजांची रोजची हजेरी. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी राज्या-राज्यांत कल्याणकारी मंडळे आली. आपल्या राज्याच्या मंडळात नाव नोंदवायचे तर वय १८ ते ६० हवे आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून पुष्कळ गोष्टी त्या नोंदणीवर अडतात. दाखला ठेकेदार देतो, आणि दिवस मोजायची वेळ आली की त्याला आठवत नाही. वही समोर ठेवली की आठवते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे आपण सांगतो. पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकामही त्याच खात्याकडे होते, आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवात १९४५ साली त्यांच्याच काळात झाली, हे सांगायचे राहून जाते. डिप्लोमाला जाणाऱ्या मुलामुलींना ते जरूर सांगावे.

स्लॅब चारला संपला. सहा लोखंडी साच्यांत त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून तिने वर खिळ्याने तारीख कोरली. काही ७ दिवसांनी, काही २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवायचे. सिमेंट राखमिश्रित होते, म्हणून दहा दिवस तरी.

हजेरीच्या वहीत एका रेजाबाईंचे त्या दिवसापर्यंत ८४ दिवस भरले होते. पाण्याचे ते दहा दिवसांचे काम भाचीने त्यांच्या नावावर लिहिले आणि ठेकेदाराच्या माणसाची सही घेतली.