न्हाणीघरातले पाणी

आंघोळ करताना पाणी घोट्यापर्यंत चढते आणि पाऊण तास झाला तरी उतरत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आमच्याकडे ती महिनाभर चालली. शॉवर सुरू केला की चार-पाच मिनिटांत पाय बुडायचे. मुले चप्पल घालून न्हायची. कुरकुर सगळे करायचे, जाळी मात्र कोणी उचलत नव्हते.

घाई झाली ती अम्मांमुळे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे धरलेले असतात. त्यांनी वुजूसाठी न्हाणीघरात जाणेच बंद केले होते. तोंड-हात स्वयंपाकघरात धुवायचे आणि पाय धुवायला तांब्या घेऊन बाल्कनीत जायचे, तेही फजरच्या अंधारात. विचारले तर म्हणाल्या, "बेटा, त्या साबणाच्या पाण्यात उभं राहिलं की पाय धुतलेत असं वाटतच नाही." शिंतोडे उडतात, मनात वसवसा राहतो, मग पाय पुन्हा पुन्हा धुणे आले. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तांब्या-तांब्याचा हिशोब असतो. पण आम्हाला पाण्यापेक्षा ओल्या फरशीची जास्त धास्ती वाटली. या वयात कमरेचे हाड मोडले तर माणूस पलंगाला खिळतो.

सल्ले पुष्कळ मिळाले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "ॲसिडची बाटली ओता, मोकळं होईल." आम्ही ते केले नाही. तुंबलेल्या पाइपात बहुतेक केसच असतात आणि बाजारातल्या ॲसिडने केस सहजी विरघळत नाहीत. लाद्यांमधले सिमेंट तेवढे खाल्ले जाते. त्याच जागी आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीनचा वायू निघतो. खिडकी नसलेल्या चार बाय पाचच्या खोलीत तो छातीत गेला म्हणजे काय होईल, सांगायला नको. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय मोबाईलवर फार फिरतो. फेस येतो, मुलांना मजा वाटते. पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणीच. केसांच्या गाठीला त्याचे काय?

दुसरा सल्ला होता, "माणूस बोलवा." तो माणूस कोण, हे आपल्याला ठाऊक असते. नळाचे काम करणारा अशा कामाला टाळाटाळ करतो, मग गल्ली झाडणाऱ्याला हाक मारली जाते. तो उघड्या हाताने घाण काढतो आणि त्याला पाणी द्यायची वेळ आली की घरातला वेगळा, कोपऱ्यात ठेवलेला ग्लास निघतो. शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवायचा आणि घरी हे करायचे, हे आमच्या गळी उतरले नाही. शिवाय त्या पाइपात होते ते आमचेच होते.

रविवारी सकाळी कामाला लागलो. हातमोजे घातले. स्क्रूड्रायव्हरने जाळी उचकटली, तिच्याखाली प्लॅस्टिकची उपडी वाटी असते तीही काढली. या खड्ड्याला नळवाले नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात थोडे पाणी कायम राहते आणि त्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत. म्हणून वास थांबवायला बोळा कोंबू नये आणि वाटी काढून फेकूही नये.

जाड तारेचे टोक वाकवून आकडा केला आणि आत फिरवला. निघाला तो वीतभर लांबीचा, करड्या रंगाचा, बुळबुळीत केसांचा गोळा. त्यात ईदच्या मेंदीचा चोथा होता, शाम्पूच्या पुडीचा कोपरा होता आणि पांढरट साका होता. बोअरचे पाणी जड असले की त्यातले क्षार साबणाशी मिळून असा साका धरतात. डोक्याचे तेल त्याला चिकटते आणि केस त्यात अडकत जातात. धाकट्याने आधी नाक दाबले, पण नंतर तार त्यानेच हातात घेतली. मग भांडी घासायचे लिक्विड घालून बादलीभर गरम पाणी ओतले. उकळते नव्हे, कारण पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्याने नरम पडतो. वरून साधे पाणी एकदम ओतले, तेव्हा ते गुडगुड आवाज करीत निघून गेले.

अम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या. विंचरताना गळलेले केस त्या कधी कचऱ्यात टाकत नाहीत, कागदात गुंडाळून कुंडीतल्या मातीत पुरतात. "आणि इथे एवढे जात होते!" त्या म्हणाल्या. तो गोळाही त्यांनी वर्तमानपत्रात बांधायला लावला आणि मोगऱ्याच्या कुंडीत पुरायला सांगितला. आम्ही फक्त शाम्पूची पुडी वेगळी काढली.

एक गोष्ट मात्र बघून घ्यावी. न्हाणीबरोबर बेसिन आणि संडासही तुंबत असतील तर दोष खाली चेंबरमध्ये असतो. ते घरच्या तारेने होत नाही, मशीन असलेल्यालाच बोलवावे. माणसाला तर मुळीच आत उतरवू नये. तिथला वायू जीव घेतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

आता जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी ठेवली आहे, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. न्हाऊन झाले की ज्याने त्याने आपले केस उचलायचे असे ठरले आहे. मुली उचलतात, मुलांना अजून आठवण करून द्यावी लागते. अम्मांसाठी आत प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले आहे, त्या बसून वुजू करतात.

शॉवरखालच्या कोपऱ्यात मात्र अजून ओंजळभर पाणी थांबते. जुन्या फरशीवरच नव्या लाद्या बसवताना गवंड्याने उतार नीट धरला नाही. ते काम मेच्या सुट्टीत काढू. तोवर खराटा दाराशी ठेवला आहे.