दादा आणि ते बाळ

परवा चिपळूणला एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी एक तरुण डॉक्टर बसला होता. लांबच्या नात्यातलाच. बाँडचं वर्ष नंदुरबारकडे काढून नुकताच परत आलेला. बोलता बोलता म्हणाला, "वर्षभरात डाऊन सिंड्रोमचं एकसुद्धा मूल दिसलं नाही मला. आदिवासींमध्ये नसतंच बहुतेक ते. सिकलसेल मात्र भरपूर."

माझा घास तोंडातच फिरायला लागला. मला एकदम १९८८ चा मे महिना आठवला, वेळणेश्वरचा.

घरच्या मंडळींना दादा माहीतच आहे. बाकीच्यांसाठी सांगते. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. जन्म १९७४ चा, मुंबईतला. आत्या तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची. बाळाचे वर चढलेले डोळे, मऊ पडलेलं अंग आणि तळहातावरची एकच आडवी रेघ बघून डॉक्टरांनी 'मंगोल बेबी' असं सांगून टाकलं. खरं तर मंगोलियाच्या प्रतिनिधींनी हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ सालीच तो शब्द सोडून दिला होता. पण शब्द असे सहजासहजी जात नाहीत. आत्याने दोन दिवस रडून घेतलं आणि मग ती कामाला लागली.

दर मे महिन्यात दादा वेळणेश्वरला यायचा. दिवसभर पुळणीत, नाहीतर देवळाच्या आवारात. गावात सगळ्यांना तो ठाऊक होता.

त्या वर्षी पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं फोडायला आमच्याकडे एक कातकरी जोडपं येत होतं. बाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. आंब्याच्या फांदीला तिने लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत चार-पाच महिन्यांचं बाळ. दादा तिथून हलेचना. एकदा त्याने हाक मारली म्हणून मीही डोकावले. तेच डोळे, तेच चपटं नाक, तीच किंचित बाहेर आलेली जीभ. आई पाजायला घ्यायची तेव्हा ते मध्येच थांबायचं, धापा टाकायचं. कपाळावर घाम.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "आई, ते बाळ दादासारखं दिसतंय गं."

"गप्प बस," आई म्हणाली. "कुणाच्या लेकराला उगाच नावं ठेवू नयेत."

मी गप्प बसले.

पुढच्या मे महिन्यात ती बाई आली, पण फांदीला झोळी नव्हती. दादाने विचारलं, "बाळ कुठाय?" पावसात गेलं, खोकला झाला होता, एवढंच ती म्हणाली आणि मोळी बांधायला लागली.

मी काही डॉक्टर नाही, आणि त्या बाळाची तपासणी कधी झालीच नाही. पण नंतर दादामुळे या विषयावर जे जे वाचलं, त्यात ते धापा टाकणं मला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, बहुधा छिद्र. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं, बाळ दूध ओढताना दमतं, वजन धरत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया झाली तर उत्तम, नाहीतर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या निबर होत जातात. आणि वाडीवर एवढंच म्हटलं जातं, खोकल्याने गेलं.

आता त्या डॉक्टरच्या बोलण्याकडे येऊ. सिकलसेल आणि डाऊन या दोन गोष्टी त्याने एका दमात घेतल्या, पण त्यांची जातकुळीच वेगळी. सिकलसेल आईबापांकडून येतो, म्हणून काही समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या जास्त दिसतो. डाऊन हा बहुतेक वेळा निव्वळ अपघात असतो. बीज तयार होताना २१ व्या गुणसूत्राची जोडी नीट सुटी होत नाही आणि बाळाला ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं मिळतात. फ्रान्सच्या जेरोम लेजून यांनी हे १९५९ मध्ये दाखवून दिलं. घराण्यात चालत येण्याचा प्रकार फार थोडा. हा अपघात जात, धर्म, जंगल, शहर काही बघत नाही. बघतो ते मुख्यतः आईचं वय. पंचविशीत साधारण साडेबाराशे जन्मांत एक, चाळिशीत शंभरांत एक. तरीही अशी पुष्कळ मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात, कारण मुळात बाळंतपणं त्याच वयात जास्त होतात. आमची आत्या तेवीस वर्षांची होती, ती कातकरी बाई त्याहूनही लहान.

सगळ्या वयांच्या आया धरल्या तर सातशे ते हजार जन्मांमागे एक असं मूल येतं. म्हणजे किती जन्मतात हा एक प्रश्न आणि किती दिसतात हा दुसराच. शहरात सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांमुळे पुष्कळदा आधीच कळतं आणि काही जण गर्भपाताचा निर्णय घेतात. वाडीवर ते नाही, म्हणजे बाळ जन्माला येतंच. कमी पडतं ते पुढे, जगण्यात. आणि जे जगतं तेही वहीत 'मंदबुद्धी' म्हणून लागतं, किंवा लागतच नाही.

आता सोय नाही असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात ज्या आजार-व्यंगांची तपासणी होते त्यात डाऊन सिंड्रोम आहे, जन्मजात हृदयदोषही आहे, आणि शस्त्रक्रिया मोफत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गाडी आली तेव्हा बाळ वाडीवर नसेल तर कोण शोधत जाणार?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं, जरा जास्तच आवाज चढवून. त्याने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "न्यूमोनियाने गेलेली बाळं मात्र पाहिली मी. हृदय ऐकायला वेळ मिळालाच असं नाही." चांगला मुलगा आहे. मी उगाच चिडले. चिडले होते ती खरं तर स्वतःवर.

त्या वेळी मी बोलले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. १९८८ साली त्या बाळाला मुंबईला कोण नेणार होतं? पण आमच्या घरात तर हे सगळं माहीत असलेली एक बाई होती. आत्या चार हातांवर ओसरीत बसून फणसाचे गरे सोलत होती. ती उठून झोळीपाशी गेली असती, एवढं मला नक्की माहीत आहे. मी आईला सांगितलं, आत्याला नाही.

दादाचं हृदय धड निघालं, हे नशीब. बाकीचं नशीब नव्हतं. जिना उतरला की दवाखाना होता आणि आत्या होती. दादाने आता पन्नाशी ओलांडली. अलीकडे विसरायला लागला आहे, या मुलांना ते लवकर गाठतं म्हणतात. मला कधी कधी आत्याच्या नावाने हाक मारतो.

गेल्या महाशिवरात्रीच्या जत्रेला त्याला वेळणेश्वरला नेलं होतं. अंगणातल्या त्या आंब्याखाली जरा वेळ उभा राहिला, फांदीकडे बघत. त्याला काय आठवलं कोण जाणे. मी विचारलं नाही.