एव्हँजेलिनच्या वृक्षाखालीं

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर घेऊन मिसिसिपी नदीच्या ओघाबरोबर खालीं बोट फिरवीत नेलें, तर समुद्रास मिळण्यापूर्वीं ती ज्या सखल, पाणथळ व हिरव्यागार प्रदेशांतून वाहते तो लुइझियाना होय. न्यू ऑर्लिन्स हें तेथील मोठें शहर. तेथील फ्रेंच वस्तीचीं, लोखंडी नक्षीच्या सज्जांचीं व गाण्याबजावण्याचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे गेलों असतां नोकरीनिमित्त टेक्सासमध्यें असलेला आमचा भाचा मोटार घेऊन आला, आणि चार दिवस आम्ही त्या संस्थानांत एकाच माणसाचा माग काढीत हिंडलों. त्या माणसाचें नांव ह्यूई पी. लाँग. १९२८ सालीं तो लुइझियानाचा गव्हर्नर झाला. त्याच्या प्रचाराची वाट रस्ते, पूल, शाळा आणि एक उंच मनोरा यांच्या रूपानें अद्यापि डोळ्यांना दिसते.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात व कारभार मुख्यमंत्री पाहतो. अमेरिकेंत गव्हर्नर लोकांच्या मतांनीं निवडला जातो आणि संस्थानाचा कारभार तोच चालवितो. दुसरा शब्द 'प्रायमरी'. पक्षातर्फें उमेदवार कोण असावा हें आपल्याकडे पक्षाचे पुढारी ठरवितात. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो अधिकार पुष्कळ संस्थानांत मतदारांकडे आला. त्या पक्षांतर्गत निवडणुकीस प्रायमरी म्हणतात. लुइझियानांत त्या काळीं डेमोक्रॅटिक पक्षाखेरीज दुसरा पक्ष नांवालाच होता. म्हणून खरी झुंज प्रायमरींतच व्हावयाची. नंतरची सार्वत्रिक निवडणूक म्हणजे लग्न लागल्यावर निघालेली वरात!

त्या वेळचा लुइझियाना कसा होता? सत्ता न्यू ऑर्लिन्समधील राजकीय कंपूच्या, बड्या जमीनदारांच्या आणि तेलाच्या कंपन्यांच्या हातीं. गव्हर्नर येत आणि जात. खेड्यांतील चिखल मात्र जागच्या जागीं राही. सबंध संस्थानांत पक्का रस्ता सुमारे ३०० मैल. शाळेचीं पुस्तकें आईबापांनीं विकत घ्यावयाचीं. ज्यांना तें झेपत नसे त्यांच्या मुलांनीं शेतावर जावयाचें. अक्षरशत्रुत्व इतकें कीं, प्रौढ माणसें सहीच्या जागीं फुली काढीत.

न्यू ऑर्लिन्सहून पश्चिमेकडे जातांना अ‍ॅचाफलाया नांवाची विस्तीर्ण दलदल लागते. तिच्यावरून रस्ता सुमारे १८ मैल नुसत्या खांबांवर चालतो. हा पूल १९७३ सालचा. खालीं काळसर पाणी, पाण्यांत पाय रोवून उभे असलेले सायप्रस वृक्ष, आणि त्यांवर ध्यानस्थ बसलेले बगळे. अशा गुळगुळीत रस्त्यावरून जातांना १९२४ सालच्या चिखलाची कल्पना येणें कठीण. त्या वर्षीं जानेवारींतील प्रायमरीला ह्यूई लाँग प्रथमच उभा राहिला. वय अवघें तीस. मतदानाच्या दिवशीं पाऊस लागला, खेड्यांतील वाटा बंद झाल्या, आणि तो तिसरा आला. पावसानें आपल्याला हरविलें असें तो पुढें सांगे. तेंच एक कारण होतें असें नव्हे. परंतु ज्या रस्त्यांसाठीं मत द्यावयाचें, ते रस्ते नाहींत म्हणून मतदारानें घरीं बसावें, ही अडचण काल्पनिक नव्हती. पुढच्या निवडणुकीची तयारी त्यानें लगेच सुरू केली.

दलदल ओलांडून दक्षिणेस वळलें कीं सेंट मार्टिनव्हिल हें टुमदार गांव येतें. बायू टेश नांवाचा संथ प्रवाह गांवाच्या कडेनें जातो. त्याच्या कांठीं एक प्रचंड ओकवृक्ष आहे. त्याच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. या वृक्षाची कथा अशी: १७५५ सालापासून इंग्रजांनीं कॅनडांतील अकेडिया प्रांतांतून हजारों फ्रेंच कुटुंबांस घरांतून हांकलून लाविलें. त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें देशोधडीला लागून अखेर या प्रदेशांत वसलीं. लाँगफेलो कवीनें १८४७ सालीं त्यांच्यावर 'एव्हँजेलिन' हें काव्य लिहिलें. आणि वाग्दत्त वराची ताटातूट झालेली ती नायिका याच वृक्षाखालीं त्याची वाट पाहत बसे, अशी आख्यायिका गांवांत रूढ झाली.

दुसऱ्या प्रचाराच्या वेळीं ह्यूई लाँग याच वृक्षाखालीं उभा राहिला. त्याच्या भाषणाचा आशय असा कीं, एव्हँजेलिननें येथें वाट पाहिली व तिचा प्रियकर आला नाहीं; परंतु वाट पाहणारी ती एकटीच नव्हे. तुम्ही मुलांसाठीं शाळांची वाट पाहिलीत, मालाच्या ने-आणीसाठीं रस्त्यांची पाहिलीत, आजारी व अपंग माणसांच्या संस्थांची पाहिलीत. त्या कोठें आहेत? तिचे अश्रु एका जन्मापुरते होते. तुमचे पिढ्यान् पिढ्या वाहत आहेत. ते पुसण्याची संधि मला द्या.

चांगला कीर्तनकार आख्यान लावतां लावतां श्रोत्यांच्या संसारावर येतो, तसा हा प्रकार. त्या लोकांनीं ती कथा लहानपणापासून ऐकली होती. पण तिच्यांत आपलें दुःख आहे हें त्यांना कोणी दाखविलें नव्हतें.

मात्र त्या वृक्षापासून थोडींच पावलें चाललें कीं आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतिहासाचें एक लहानसें संग्रहालय आहे. तें पाहिल्यावर त्या भाषणाची दुसरी बाजू ध्यानांत येते. १८९६ सालीं लुइझियानांत १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ सालीं नवी राज्यघटना करून त्यांच्यावर अशा अटी लादल्या कीं १९०४ सालीं त्यांची संख्या १,३४२ वर आली. त्यांतून प्रायमरी ही गोऱ्यांचीच समजली जाई. ती प्रथा सर्वोच्च न्यायालयानें १९४४ सालीं बेकायदा ठरविली. १९२८ सालीं संस्थानाच्या लोकवस्तीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग वाट पाहणाऱ्यांच्या मोजणींतच नव्हता. गोरगरिबांचा कैवार घेणाऱ्या त्या उमेदवारानें ही व्यवस्था मोडण्याचें वचन दिलें नाहीं.

तेथून उत्तरेस गेलों, तसतसे उंसाचे मळे मागें पडून पाइनच्या झाडांच्या टेकड्या लागल्या. विनफील्ड हें ह्यूई लाँगचें जन्मगांव. येथें तो १८९३ सालीं जन्मला. जमीन हलकी, माणसें बाप्टिस्ट पंथाचीं, स्वाभिमानी व थोडीं हट्टी. तरुणपणीं सरकीच्या तेलापासून केलेला तळणाचा एक पदार्थ विकीत तो दारोदार फिरला. त्या मालाच्या प्रसारासाठीं त्यानें केक करण्याची चढाओढ ठेविली होती; तींत भाग घेणारी एक मुलगी पुढें त्याची पत्नी झाली. पुढें तो वकील झाला, व १९१८ सालीं रेल्वे कमिशनवर निवडून येऊन मोठ्या तेलकंपनीशीं झगडला. तथापि घरच्या बाईला दारांत थांबवून दोन शब्द ऐकावयास लावण्याची विद्या त्यानें या फिरतींतच कमाविली.

त्याची एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. दक्षिणेकडील कॅथॉलिक गांवांत तो भाषणांत म्हणे, लहानपणीं रविवारीं पहांटे उठून मी घोडागाडी जोडीत असें. आधीं कॅथॉलिक आजीआजोबांना त्यांच्या देवळांत पोंचवीत असें, मग बाप्टिस्ट आजीआजोबांना त्यांच्या. एका स्थानिक पुढाऱ्यानें मागाहून विचारलें, "तुमचे आजीआजोबा कॅथॉलिक होते हें ठाऊक नव्हतें." त्यावर उत्तर मिळालें, "वेडे आहांत कीं काय? आमच्याकडे घोडासुद्धां नव्हता!" ही गोष्ट सांगतांना आमचा भाचा पोट धरून हंसला. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "एवढं खोटं बोलणाऱ्याचं बाकीचं खरं कसं मानायचं?" हाच प्रश्न आम्हांस पुढें बॅटन रूजपर्यंत सोबत करणार होता.

१९२७ सालीं मिसिसिपीला महापूर आला. २९ एप्रिल रोजीं न्यू ऑर्लिन्स वांचविण्याकरितां शहराच्या खालचा बांध सुरुंग लावून फोडण्यांत आला, आणि तेथील गरीब वस्त्यांचीं घरेंदारें पाण्याखालीं गेलीं. शहरासाठीं खेड्यांना बुडविलें जातें, हें एरवीं सांगून पटवावें लागलें असतें. तें आतां सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. प्रतिस्पर्धी दोन होते. पूर्वीचा गव्हर्नर वारल्यामुळें अधिकारावर आलेला सिंप्सन, आणि काँग्रेसचा सभासद रायली विल्सन. विल्सन पूरनियंत्रणाच्या कामाचा अनुभव सांगे; लाँग म्हणे, याच्या नोकरीचीं वर्षें वाढलीं तसतसें नदीचें पाणीही चढत गेलें! त्याची घोषणा होती: प्रत्येक माणूस राजा, पण मुकुट कोणाच्याच डोक्यावर नाहीं.

१७ जानेवारी १९२८ रोजीं मतदान झालें. लाँग १,२६,८४२, विल्सन ८१,७४७, सिंप्सन ८०,३२६. न्यू ऑर्लिन्सनें त्याला झिडकारलें. खेड्यांनीं उचलून धरलें. निम्म्याहून अधिक मतें कोणासच नसल्यानें नियमाप्रमाणें पहिल्या दोघांत पुन्हां लढत व्हावयाची. परंतु विरोधकांची एकी झाली नाहीं, आणि विल्सननें माघार घेतली.

निवडून आल्यावर त्यानें वचनें पाळलीं, हें त्याच्या शत्रूंनींही नाकारलें नाहीं. त्याच वर्षीं शाळकरी मुलांना फुकट पुस्तकें देण्याचा कायदा झाला. कॅथॉलिक शाळांतील मुलांनाही तीं मिळावींत कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९३० सालीं कायदा टिकला. प्रौढांसाठीं रात्रीच्या शाळा निघाल्या. त्यांत कृष्णवर्णीयही शिकले. कांहीं वर्षांतच पक्के रस्ते दोन हजार मैलांच्या वर गेले. युक्ति अशी कीं, प्रत्येक तालुक्यांत प्रथम थोडे थोडे मैलच बांधावयाचे. एकदां त्यावरून गाडी चालली कीं पुढच्या रस्त्याची मागणी लोकच करतात.

शेवटीं आम्ही बॅटन रूजला आलों. ही राजधानी. येथील कायदेमंडळाची इमारत ३४ मजली असून ४५० फूट उंच आहे. अमेरिकेंतील कोणत्याही संस्थानाचें कायदेमंडळ इतकें उंच नाहीं. ह्यूई लाँगनेंच ती बांधविली व १९३२ सालीं ती उघडली. येथें त्या रस्त्यांचा व पुस्तकांचा दुसरा हिशेब पाहावयास मिळतो. सरकारी नोकरांच्या पगारांतून त्याच्या राजकीय निधीसाठीं हिस्सा कापला जाई. विरोधकांचे आप्त नोकरींतून जात. १९२९ सालीं त्याच्यावर महाभियोग आला. तेव्हां १५ सिनेटरांनीं आरोप कांहीं असोत, आम्ही त्याच्याविरुद्ध मत देणार नाहीं असें आधींच लिहून दिलें, आणि तो सुटला. पुढें तो वॉशिंग्टनला सिनेटर झाला, तरी येथील गव्हर्नर त्याच्याच शब्दानें चाले. खास बैठकी भरवून कायदे धडाधड मंजूर होत. अशाच एका बैठकीच्या वेळीं, ८ सप्टेंबर १९३५ रोजीं, याच इमारतीच्या संगमरवरी वाटेंत त्याला गोळी लागली. एका विरोधी न्यायाधीशाची जागा घालविणारें बिल त्या बैठकीपुढें होतें. मारेकरी म्हणून ज्याचें नांव घेतात तो तरुण डॉक्टर त्याच न्यायाधीशाचा जांवई. शरीररक्षकांनीं त्याला तेथेंच ठार केलें. दोन दिवसांनीं लाँगही वारला. वय ४२. इमारतीसमोरील बागेंत त्याची समाधि असून वरील पुतळा इमारतीकडे तोंड करून उभा आहे.

तेथें भाच्यानें विचारलें, "मामा, त्या दिवशीं तुम्ही मत कोणाला दिलं असतंत?" खरें पाहतां आम्हांस मत नसतेंच. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी माणसाला अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शकत नाहीं असा निकाल झाला होता, आणि ती बंदी १९४६ पर्यंत होती. परंतु प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. सौभाग्यवतींनींच आधीं उत्तर दिलें. "ज्या आईच्या मुलाच्या हातांत पहिल्यांदा पुस्तक आलं, तिला आपण काय विचारणार? मी असते तर मीही दिलं असतं." घोड्याच्या गोष्टीवर रागावलेल्या त्या ह्याच!

आमचें मत त्यांच्याहून फारसें निराळें झालें नाहीं. शाळा, पुस्तक आणि रस्ता हीं लोकांना हक्कानें मिळावयाचीं. जे त्याच्या आधीं पिढ्यान् पिढ्या राज्य करीत होते, ते सुशिक्षित होते, सभ्य होते. त्यांनीं तीं दिलीं नाहींत. म्हणून तीं एका माणसाच्या कृपेनें मिळालीं, आणि कृपेची परतफेड आज्ञापालनानें झाली. त्या एकाधिकाराचा दोष त्याच्या माथीं आहेच. परंतु त्याच्या आधींच्या सभ्य गृहस्थांचा वांटा त्यांत आम्हांस अधिक वाटला. घरांतसुद्धां ज्याचें त्याला वेळेवर दिलें नाहीं, तर तें मिळवून देणारा जो कोणी पुढें येतो त्याच्या हातीं चाव्या जातात, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस विस्तारानें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं परततांना भाच्यानें मुख्य रस्ता सोडून मुद्दाम एका जुन्या सडकेनें मोटार नेली. दोन्ही बाजूंस तोडलेल्या उंसाचीं शेतें होतीं. एका वळणावर शाळेची पिवळी बस थांबली व तिच्यांतून पांचसात मुलें उतरलीं. कांहीं गोरीं, कांहीं काळीं. सर्वांच्या पाठीवर दप्तरें होतीं.