लाटेवरचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुटुंबवत्सल माणसाला वेगळे सांगायला नको. ट्रंका, डबे, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडी, आणि सरतेशेवटी पिशवीत शिरायला मुळीच राजी नसलेले मांजर! एवढे सगळे एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात नेताना आपला जीव मेटाकुटीला येतो. मग हेच बिऱ्हाड कोणी ४६ फुटांच्या शिडाच्या नौकेवर थाटले आणि मांजरासकट जगातल्या सर्वांत द्वाड समुद्रात घातले, तर त्याला काय म्हणावे?

माइल्स आणि बेरिल स्मीटन या इंग्रज दांपत्याने हेच केले. हे दोघे आपल्याला अगदीच परके नव्हेत. माइल्स हिंदी लष्करातल्या ‘हॉडसन्स हॉर्स’ या रिसाल्यातले अधिकारी. १९३९ साली नवराबायको चित्रळकडच्या तिरिचमीर शिखरावर चढाई करायला गेली, तेव्हा त्यांच्यासोबत एक तरुण शेर्पा होता. त्याचे नाव तेनसिंग नोर्गे! शिखर काही हाती लागले नाही. पुढे महायुद्ध संपले, आणि दोघांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका बेटावर घर केले. १९५१ साली त्यांनी इंग्लंडात ‘त्झू हँग’ ही हाँगकाँगला बांधलेली सागवानी नौका विकत घेतली. त्या वेळी शीड कसे हाकावे याचे धड ज्ञान दोघांपैकी एकालाही नव्हते. संसारही आपण असेच सुरू करतो म्हणा!

१९५६ साली ऑलिंपिक सामने मेलबर्नला झाले, तेव्हा ही मंडळी तिथे होती. मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेली. तिला भेटायला आईबापांनी आगबोटीचे तिकीट काढले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. पण त्यांनी २२ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नचा किनारा सोडला, तो आपल्याच नौकेतून, केप हॉर्नला वळसा घालून इंग्लंड गाठायचे म्हणून. मदतीला जॉन गझवेल हा तरुण होता. स्वतःच्या हाताने बांधलेली जेमतेम २० फुटांची ‘ट्रेका’ न्यूझीलंडला ठेवून तो आला होता. चौथी प्रवासी ‘प्वे’ नावाची सयामी मांजरी. ब्रह्मी भाषेत ‘प्वे’ म्हणजे उत्सव, खेळतमाशा. तमाशा पुढेच वाढून ठेवला होता!

वाचकहो, घरातल्या मुलांचा नकाशा जरा समोर घ्या. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली बोट फिरवीत जा. दक्षिण अमेरिकेचे निमुळते टोक सोडले, तर वाटेत जमीन अशी जवळजवळ लागतच नाही. पश्चिमेचा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत सुटतो आणि त्याला अडवायला डोंगर नाही. त्याने उठवलेल्या लाटा हजारो मैल वाढत जातात, आणि शेवटी केप हॉर्न व अंटार्क्टिका यांच्यामधल्या सुमारे ८०० किलोमीटरांच्या खिंडीत घुसतात. खलाशी या पट्ट्यांना ‘गर्जणारी चाळिशी’ आणि ‘किंचाळणारी पन्नाशी’ म्हणतात. आपल्याकडे चाळिशी लागली की माणूस चष्मा शोधतो! स्मीटन दांपत्याने मात्र वयाची पन्नाशी गाठून अक्षांशाच्या पन्नाशीत प्रवेश केला होता.

१४ फेब्रुवारी १९५७. चिलीचा किनारा अजून हजारभर मैल दूर. वारा पाठीमागून झोडपतो आहे, सगळी शिडे उतरवलेली आहेत, वेग आवरावा म्हणून मागे जाड दोर सोडला आहे. सुकाणूवर एकट्या बेरिलबाई, आणि दोघे पुरुष आत. तोच मागून एक लाट आली. ती नेहमीसारखी नौकेखालून सरकून गेली नाही. तिने मागची बाजू उचलली, पुढची नाळ पाण्यात खुपसली आणि त्झू हँगने चक्क कोलांटउडी मारली. बाईंची कमरेची दोरी तुटली आणि त्या समुद्रात फेकल्या गेल्या. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, सुकाणू गेले, छपराचा भाग उखडून डेकला भले मोठे भगदाड पडले. आत पाणी भरले.

बेरिलबाई तुटलेल्या डोलकाठीचा आधार घेत पोहत परत आल्या. त्यांना कसेबसे वर ओढून घेतले. बाई जखमी, नौका बुडण्याच्या बेतात. अशा वेळी प्रार्थना करावी की निरोप घ्यावा? बाईंना आठवल्या त्या बादल्या, आणि त्या कुठे ठेवल्या आहेत तेही! तिघांनी तासन् तास पाणी उपसले. प्वे भिजून गारठलेली, पण जिवंत सापडली. कपाटांची दारे, फळ्या आणि शिडाचे कापड ठोकून भगदाड बुजवले. गझवेलचा हात सुताराचा. त्याने मिळेल त्या लाकडाची तात्पुरती डोलकाठी आणि सुकाणूच्या जागी मोठे वल्हे तयार केले. मार्च महिन्यात ही मोडकी वरात चिलीच्या कोरोनेल बंदराला लागली.

आजचा वाचक विचारील, मदतीला कोणी आले नाही? २०१८ साली आपले अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठ दुखावून पडले, तेव्हा उपग्रहामार्फत त्यांचा निरोप गेला आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले. १९५७ च्या फेब्रुवारीत पहिला स्पुतनिक आकाशात जायलाच अजून आठ महिने होते. जे होते ते नौकेतच होते: तीन माणसे, काही बादल्या, थोडे खिळे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नौका दुरुस्त करून नवराबायको आणि मांजरी १९५७ च्या डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेने निघाली. गझवेल आपल्या ट्रेकाकडे परतला होता. २६ डिसेंबरला त्झू हँग पुन्हा उलटली, पुन्हा डोलकाठ्या गेल्या. पुन्हा पाणी उपसून ती चिलीला परतली, आणि अखेर आगबोटीवर चढून इंग्लंडला पोचली. १९५९ साली माइल्सनी या साऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘वन्स इज इनफ’, म्हणजे एकदाच पुरे! नावातला विनोद त्यांनाच परवडणारा होता.

हे शौर्य की आडदांडपणा? मुलगी दूर वाट पाहत असताना आईबापांनी असा जुगार खेळावा का? त्या दोघांनी निदान स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकले होते. प्वेला कोणी विचारले होते? माझ्यापुरते सांगायचे, तर त्यांच्या जाण्याचे कौतुक मला अर्धेच वाटते. पुरे कौतुक वाटते ते कोलांटउडीनंतरच्या त्या दिवसांचे. तिथे पराक्रमाला जागाच नव्हती. पाणी उपसायचे, फळी ठोकायची, गारठलेल्या जनावराला ऊब द्यायची. आपल्या घराघरांत संकटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी उठून चूल पेटवते, त्याच जातीचे हे काम.

केप हॉर्नचे ऋण त्यांनी १९६८ साली फेडले. एका तरुण सोबत्यासह, पूर्वेकडून पश्चिमेकडे, त्याच त्झू हँगमधून त्यांनी ते टोक ओलांडले. पुढे गोव्यात बांधलेल्या, तिथल्याच नदीचे नाव मिरवणाऱ्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २०१० साली एकट्याने तिथून गेले. स्मीटन मात्र समुद्र सोडून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात स्थायिक झाले, आणि तिथे त्यांनी वन्य प्राण्यांसाठी आसरा उभारला. ‘स्विफ्ट फॉक्स’ नावाचा छोटा कोल्हा कॅनडाच्या माळांवरून नाहीसा झाला होता. त्याच्या जोड्या बाहेरून आणून त्यांनी वाढवल्या. १९८३ पासून ते कोल्हे माळावर मोकळे सोडले जाऊ लागले, तेव्हा बेरिलबाई नव्हत्या; त्या १९७९ सालीच गेल्या होत्या. माइल्सनी तो दिवस पाहिला. त्या माळावर आज पुन्हा कोल्ह्यांची बिळे आहेत, आणि बिळांत पिल्ले आहेत.